जॉर्डन लेक, हिवाळा: खोल पाण्यातला क्रॅपी आणि लहान जिग

१६ नोव्हेंबर

नॉर्थ कॅरोलिनातल्या एपेक्सहून जॉर्डन लेक जवळच आहे. आमच्या नळाला येणारं पाणीही याच तळ्याचं. मार्च-एप्रिलमध्ये क्रॅपी हा गोड्या पाण्यातला मासा अंडी घालायला काठाशी येतो, तेव्हा धक्क्यावर उभं राहून लहान मुलांनाही मिळतो. पुढे तो खोल पाण्यात उतरतो आणि हिवाळ्यात तर काठाकडे फिरकत नाही. त्या दिवसांत आमच्या ओळखीतले बहुतेक जण काठ्या आवरून ठेवतात. माझ्या मते या माशाची खरी मजा तेव्हाच आहे. थव्याने एका जागी राहतो, अंगाने भरलेला असतो आणि मांस घट्ट लागतं.

या मोसमाचं काम ठरवलं आहे ते असं: १५ ते २५ फूट पाण्यात, जिवंत मिनो (आमिषाचा छोटा मासा) न लावता, फक्त लहान जिगने (शिशाचं डोकं असलेला गळ) क्रॅपी पकडायची पद्धत बसवायची. कॅरी, मॉरिसव्हिल, एपेक्स भागात गरवायची आवड असलेली मराठी घरं बरीच आहेत. त्यांना पुढच्या वर्षी उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवते आहे.

होडी सपाट तळाची, अॅल्युमिनियमची, १४ फुटी. आमची आणि भाऊजींची मिळून घेतलेली. पुढच्या टोकाला ट्रोलिंग मोटर (होडी हळू चालवणारी विजेची मोटर), मागे साधा सोनार, म्हणजे खोली आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र. काठ्या दोन, एक ६ फुटी हलकी आणि एक १० फुटी. तंगूस (गळाची दोरी) ४ आणि ६ पौंडी, म्हणजे तेवढ्या ओढीला टिकणारा. जिग १/३२, १/१६ आणि १/८ औंसाच्या. १/१६ औंस म्हणजे पावणेदोन ग्रॅम. शिशाचा एक थेंब, त्याला गळ आणि मागे थोडी पिसं. एवढी हलकी वस्तू वीस फूट खाली हव्या त्या जागी नेऊन थांबवायची, एवढंच काम आहे.

२३ नोव्हेंबर

सीफोर्थच्या रॅम्पवरून होडी उतरवली आणि ६४ नंबरच्या हायवेच्या पुलाकडे गेलो. हे तळं धरणाचं आहे, १९८२ साली भरलं. त्याआधी इथून न्यू होप नदी वाहायची. तिचं जुनं पात्र अजून तळाशी तसंच आहे आणि हिवाळ्यात मासा त्याच्या कडेकडेने राहतो. सोनारवर तळ १५ फुटांवरून एकदम २४ फुटांवर पडतो, ती ही कड. कडेच्या बाहेर १६ ते १८ फुटांवर कमानी दिसल्या, दाट. पडद्यावर मासा कमानीसारखा दिसतो. मासा होता यात शंका नाही.

१/३२ ची जिग ६ पौंडी तंगुसावर सोडली. अर्धा दिवस गेला, एक मासा लागला नाही. दुपारी धक्क्यावर परत आल्यावर कारण कळलं. काठाच्या शांत पाण्यात, खोली माहीत असलेल्या जागी, तंगुसावर मार्करने खुणा करून जिग बुडायला किती वेळ लागतो ते मोजलं. १/१६ ची जिग सेकंदाला सुमारे एक फूट जाते. १/३२ ला त्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो आणि पिसं जास्त असतील तर आणखी. म्हणजे १७ फुटांवर पोहोचायला अर्ध्या मिनिटाच्या वर. तेवढ्यात वाऱ्याने होडी कुठच्या कुठे सरकलेली असते आणि तंगूस पाण्यात तिरका पडून जिगला वर ओढत असतो. आमची जिग दिवसभर आठ-दहा फुटांवरच फिरत असणार.

क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला रोखलेले असतात. तो खालून वर बघतो आणि वरचं खातो. किंचित वर असलेल्या आमिषासाठी तो उठतो, आपल्या खाली गेलेल्याकडे वळून बघत नाही. पण थंड पाण्यात उठतो म्हणजे एखादा-दोन फूट. आठ फूट वर असलेल्या जिगसाठी नाही.

७ डिसेंबर

मग जड जिग लावावी, असं कुणालाही वाटेल. १/८ लावली. ती झपाट्याने खाली जाते, वाऱ्याला जुमानत नाही. मासे लागलेही, पण तुरळक, आणि जे लागले ते जिग जागेवर थांबलेली असताना. पडत्या जिगला एकानेही तोंड लावलं नाही. पाणी ५० अंश फॅरेनहाइटच्या आसपास आलं की मासा आळसावतो. एवढ्या वेगाने समोरून गेलेली वस्तू तो सोडून देतो.

म्हणून वजन आणि जिग वेगळी केली. ४ पौंडी तंगुसाच्या टोकाला १/३२ ची जिग आणि तिच्या वर सुमारे दीड फुटावर चिमटून बसवायची शिशाची गोळी. गोळी खाली नेते आणि शेवटचा दीड फूट जिग आपल्या मंद गतीने उतरते. वाऱ्याच्या दिवशी गोळी मोठी लावायची, जिग तीच ठेवायची. हे जमलं. गोळी चिमटताना तंगूस चेपला तर तिथेच तुटतो. मधे चीर असलेली आणि कान असलेली मऊ गोळी घ्यावी. ती बोटांनी बसते, पक्कड लागत नाही आणि काढूनही घेता येते.

थंडीत ४ पौंडी तंगूस रिळावरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटतो, ही वेगळीच कटकट. वेटोळी सरळ होईपर्यंत मासा तोंड लावून सोडूनही देतो आणि वर काही कळत नाही. सकाळी जिग बांधायच्या आधी रिकामा तंगूस चालत्या होडीमागे लांब सोडायचा आणि ओल्या कापडातून ताणून गुंडाळायचा. तेवढ्याने दिवस निघतो.

१४ डिसेंबर

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची.

सोनार १७ फूट म्हणतो, पण माझी जिग १७ फुटांवर आहे हे मला कसं कळणार? मनात आकडे मोजून अंदाज बांधता येतो, पण तो वाऱ्यागणिक बदलतो. भाऊजी अंदाजाने सोडत होते आणि मी मोजून. त्यांची जिग माझ्यापेक्षा चार-पाच फूट खाली, म्हणजे माशांच्या खालीच राहत होती.

मोजायची रीत अशी. १० फुटी काठी उभी धरायची आणि जिग रिळाच्या पातळीला येईल एवढा तंगूस सोडायचा. आता शेंड्याखाली साधारण काठीच्या लांबीएवढा तंगूस आहे. शेंडा पाण्याला टेकवला की जिग सुमारे नऊ फुटांवर. पुढे रीळ आणि काठीवरची पहिली कडी (जिच्यातून तंगूस जातो) यांच्यामधला तंगूस हाताने ओढून सोडायचा. माझ्या काठीवर एक ओढ म्हणजे दोन फूट. तीन ओढी सोडल्या की पंधरा. प्रत्येकाने आपली काठी घरी टेपने मोजून घ्यावी, कारण रीळ कुठे बसवलं आहे त्यावर हा आकडा बदलतो. शेंडा पाण्यापासून एक फूट वर धरलात तर जिगही एक फूट वर येते, हे विसरायचं नाही.

खोली सापडली की तंगुसावर शेंड्यापाशी शिवणाच्या जाड रंगीत दोऱ्याची गाठ मारायची. मासा काढून पुन्हा सोडताना गाठ शेंड्याशी आली की थांबायचं. रबराचे तयार मणी आधी आणले होते, ते शेवटच्या बारीक कडीत अडतात. दोऱ्याची गाठ सरळ निघून जाते.

मासे १७ फुटांवर होते. मी गाठ १६ फुटांवर बांधली. पहिला मासा जिग थांबल्याबरोबर, दुसरा लगेच त्यामागून.

"वहिनी, कितीवर आहे तुमची?"

"सोळा. तुम्ही वर घ्या, भाऊजी. चार-पाच फूट वर घ्या."

त्यांनी ओढी मोजून वर घेतली आणि त्यांनाही लागला. रंग वेगळा, जिग वेगळी, खोली तेवढी सारखी. खोल पाण्यात रंगाची आणि आकाराची चर्चा नंतर करावी. आधी जिग माशाच्या डोक्यापासून फूटभर वर थांबली पाहिजे.

२० डिसेंबर, गॅरेजमध्ये

पुरत्या जिग बांधल्या. विकतच्या रंगीत जिग वाईट नसतात, पण फांद्यांमध्ये जितक्या जातात त्या हिशेबाने घरी केलेल्या परवडतात. शिशाची नागडी डोकी विकत आणली, शिसं वितळवायच्या भानगडीत पडले नाही. पावडरचा रंग द्यायची रीत: डोकं पक्कडीत धरून गरम हवेच्या गनने तापवायचं, पावडरीत क्षणभर बुडवून काढायचं आणि मग छोट्या ओव्हनमध्ये ३५० अंश फॅरेनहाइटला वीसेक मिनिटं भाजायचं. हा ओव्हन गॅरेजमधलाच, स्वयंपाकघरातला वापरायचा नाही. शिशाला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कशालाही स्पर्श नको. डोकं जास्त तापलं तर रंगाचा लगदा चढतो आणि कमी तापलं तर ठिपके राहतात. पहिली डझनभर डोकी अशीच गेली.

गळाच्या नेढ्यात रंग भरतो, तो भाजायच्या आधी सुईने काढावा. भाजल्यावर तो दगडासारखा होतो आणि थंडीत होडीवर, बधिर बोटांनी, ते नेढं मोकळं करणं फार त्रासाचं.

मागे माराबूची (फार मऊ) पिसं, लांबी गळापेक्षा थोडीच जास्त. जास्त पिसं बांधली की जिग फुगते आणि बुडत नाही. मऊ प्लास्टिकच्या शेपटीपेक्षा थंड पाण्यात मला पिसं बरी वाटतात, कारण जिग स्थिर धरली तरी ती आपोआप हलत राहतात. जॉर्डनचं पाणी गढूळ असतं, म्हणून पोपटी डोकं आणि काळी किंवा पांढरी पिसं.

२८ डिसेंबर

आज मासा कसा लागतो ते नीट पाहिलं. खोलातला क्रॅपी काठी वाकवत नाही. तो खालून वर येतो, जिग तोंडात घेतो आणि वरच राहतो. त्यामुळे तंगुसावरचं वजन नाहीसं होतं आणि ताणलेला तंगूस शेंड्यापाशी सैल पडतो. बस्स, तेवढीच खूण. लहानपणी गुहागरला खडकावरून हातदोरीने गरवताना बोटाला ओढ जाणवायची वाट बघायची सवय लागलेली. इथे उलट, ओढ गेली की समजायचं. पिवळसर, डोळ्यांना सहज दिसणारा तंगूस घेतला तेव्हापासून सुटणारे मासे कमी झाले. एवढ्या गढूळ पाण्यात माशाला तंगुसाचा रंग खटकत नाही.

सैल पडला की झटका द्यायचा नाही. क्रॅपीच्या ओठाचा पडदा कागदासारखा पातळ असतो, उजेडापुढे धरला तर आरपार दिसतो. काठी फक्त उचलायची आणि एकसारख्या ताणाने गुंडाळत आणायचा. होडीत घेताना जाळीच वापरायची. तंगुसावर उचलून घेतलेले मोठे मासे होडीच्या काठाशीच सुटून पडले, सगळे पडद्याला भोक पडून.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे मला लागत होते आणि भाऊजींना लागत नव्हते. जिग पाण्यात आडवी लोंबली पाहिजे. मिनो मासा आडवाच पोहतो. गाठ नेढ्याच्या वरच्या बाजूला बसली असेल तर जिग आडवी राहते. प्रत्येक माशानंतर, किंवा फांदीला ओढ बसल्यावर, गाठ पुढे नाकाकडे घसरते आणि मग जिग शेपटी खाली सोडून उभी लोंबते. दर वेळी पाण्यात सोडण्यापूर्वी जिग डोळ्यांसमोर धरायची आणि गाठ नखाने मागे सरकवायची.

४ जानेवारी

सोनारचा गोंधळ आज सुटला. आमच्या सोनारचा झोत २० अंशांचा आहे. वीस फूट खोलीवर तो तळाशी सुमारे सात फूट रुंद वर्तुळ दाखवतो, म्हणजे पडद्यावर दिसलेला मासा साडेतीन फूट डावीकडे असू शकतो किंवा उजवीकडे. आमचं त्याहून वाईट होतं. सोनारचा डोळा, म्हणजे पाण्यात झोत सोडणारा भाग, होडीच्या मागच्या टोकाला आणि मी बसणार पुढे. मी पाहत होते ते मासे माझ्यापासून चौदा फूट मागचे.

डोळा काढून ट्रोलिंग मोटरच्या खालच्या भागाला होज क्लॅम्पने (आवळायच्या धातूच्या पट्टीने) बसवला. काही डॉलरचं काम, पण मोटर चालू केली की पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस. दोन्ही एकाच बॅटरीवर होती. सोनारला वेगळी लहान बॅटरी दिली, वायर मोटरच्या वायरपासून लांब घेतली आणि पडदा स्वच्छ झाला. आता संवेदनशीलता वाढवली की माझी जिग खाली जाताना तिरकी बारीक रेघ म्हणून दिसते. ती माशांच्या वर थांबली की काम बरोबर आहे आणि रेघ दिसेनाशी झाली तर जिग झोताबाहेर गेली.

होडी एका जागी राखणं हे अजून पूर्ण जमलेलं नाही. ताशी दहा मैलांच्या वर वारा असला की एक नांगर पुरत नाही, होडी लंबकासारखी डोलते. पुढे आणि मागे असे दोन टाकले तर राहते, पण नांगर चिखलातून उपसायचा आवाज आणि गाळ यांनी थवा हलतो. सध्या आम्ही वाऱ्याकडे तोंड करून मोटर मंद ठेवतो. वारा जास्त असेल तर एबेनेझरच्या बाजूला, बीव्हर क्रीकच्या आडोशाला जातो. आज तेच करण्यात अर्धी सकाळ गेली.

१८ जानेवारी

राज्याच्या वन्यजीव आयोगाने या तळ्यात माशांसाठी आसरे टाकून ठेवले आहेत आणि त्यांच्या खुणेला तरंगते बॉय आहेत. मासा तिथे हमखास असतो, फांद्याही हमखास असतात.

१/१६ च्या जाड गळाच्या जिग इथे एकापाठोपाठ एक गेल्या. उपाय गळाच्या तारेत आहे. बारीक तारेचा गळ घ्यायचा आणि तंगूस उलट जाड, ८ पौंडी. अडकला की काठीने न ओढता तंगूस हाताला कापडावर गुंडाळून सावकाश सरळ ओढायचा. तंगूस तुटण्याआधी गळ सरळ होतो आणि जिग परत येते. पक्कडीने वाकवून पुन्हा वापरायची. दोन-तीनदा वाकवलेला गळ मग टाकून द्यावा, तार थकते. ४ पौंडीवर हे होत नाही, तंगूसच तुटतो. जाड तंगुसावर जिग सावकाश बुडते, म्हणून इथे गोळी मोठी.

फांद्यांच्या आत घुसायचंच नाही, हे दुसरं. मोठे मासे झुडपाच्या वर किंवा बाजूला राहतात. झुडपाचा माथा १४ फुटांवर असेल तर गाठ १३ वर. बहुतेक अडकणं तिथेच संपतं.

२५ जानेवारी

पाणी ४२ अंश. पहाटे काठीच्या कड्यांत बर्फ. शेंडा पाण्यात बुडवून मोकळा करत राहिलो आणि दहा वाजता परत फिरलो. इतक्या थंड पाण्यात पडलं तर हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात. लाइफ जॅकेट होडीत ठेवून उपयोग नाही, अंगावर हवं. आम्ही रॅम्पवरच चढवतो आणि गाडीपाशी येईपर्यंत काढत नाही.

१ फेब्रुवारी

सगळं जुळून आलं. ढगाळ, वारा नावाला. कडेच्या बाहेर मासे १९ फुटांवर, गाठी १८ वर, १/३२ ची पोपटी-काळी जिग आणि वर गोळी. जिग हलवायची नाही, हे आज पुन्हा सिद्ध झालं. भाऊजींनी काठी नुसती गुडघ्यावर टेकवून ठेवली होती आणि त्यांनाच जास्त लागले. हाताचा कंप आणि होडीचं हलकं हेलकावणं एवढं पिसांना पुरतं. थवा थंडावला की एक फूट वर घ्यायचं, खाली नाही. दोनदा तेवढ्यानेच पुन्हा सुरू झाले.

मिळालेले बहुतेक काळे क्रॅपी, थोडे पांढरे. अंगावरच्या ठिपक्यांवरून फसायला होतं. पाठीच्या पराचे काटे मोजावेत. काळ्याला सात किंवा आठ, पांढऱ्याला जास्तीत जास्त सहा. मोजायला मासा हातात नीट धरावा लागतो, काटे टोचतात.

या तळ्याचा नियम दहा इंचांखालचा क्रॅपी सोडायचा आणि माणशी दिवसाला वीस, असा आहे. जाण्यापूर्वी चालू वर्षाचे नियम पाहून घ्यावेत. आम्ही पुरेसे झाले तसे थांबलो. दोन पट्ट्या काढून, हळद-मीठ-लिंबू लावून, रव्यात घोळून तव्यावर टाकला. मांस पांढरं, कोवळं, चव सौम्य. मसाला जास्त लावला तर माशाची चव राहत नाही.

१५ फेब्रुवारी

खोलातून झपाट्याने वर आणलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. २५ फुटांच्या आसपास मिळालेल्या काही लहान माशांना सोडल्यावर खाली जाता येईना, ते आडवे तरंगत राहिले. सोडलेला मासा जगणार नसेल तर सोडण्याला अर्थ नाही. म्हणून आमच्यापुरतं ठरवलं आहे: सगळेच लहान लागायला लागले की त्या थव्यावरून होडी हलवायची आणि घरी न्यायचे तेवढे मिळाले की काठ्या आवरायच्या. खोल पाण्यात पकडा-सोडा खेळायचा नाही.

खर्च: सोनारची लहान बॅटरी सगळ्यात महाग पडली. डोकी, पिसं, पावडर, तंगूस, गोळ्या मिळून शंभर डॉलरच्या आत. यातल्या रबराच्या मण्यांचे आणि १/८ च्या जिगच्या पाकिटांचे पैसे वाया गेले, ते नव्याने सुरू करणाऱ्याने वाचवावेत. पैसा आधी १० फुटी काठीवर घालावा. तिच्याशिवाय मोजून सोडणं अवघड आहे.

अजून बाकी: वाऱ्यात होडी धरण्याची पद्धत. भाऊजी म्हणतात, मोटरच्या जोडीला मागून पाण्यात कापडी पिशवी सोडून बघू, म्हणजे होडीचं मागचं टोक फिरणार नाही. पिशवी मी शिवायला घेतली आहे, तंबूच्या जाड कापडाची. पाणी ५५ अंशांच्या वर जाईल तसा मासा पात्र सोडून खाड्यांच्या तोंडाशी सरकेल. त्याआधी पिशवी पुलाजवळच्या कडेवरच तपासायची आहे.